पहिलं लिनक्स कोणतं घ्यावं?

आज आपण घरातल्या जुन्या कॉम्प्युटरबद्दल बोलणार आहोत.

फैजपूर, सावदा, यावल, रावेर या आपल्या पट्ट्यात कितीतरी घरांत सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेला एखादा कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप आहे. कोणी मुलांच्या अभ्यासासाठी घेतला, कोणी दुकानाच्या हिशोबासाठी, तर कोणी बचत गटाच्या कामासाठी. अशा मशीनवर बहुधा विंडोज १० असतं. १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला.

म्हणजे नेमकं काय झालं? कॉम्प्युटर बंद पडला नाही. तो काल चालत होता तसाच आजही चालतो. पण आतल्या प्रोग्राममध्ये चोराला शिरता येईल अशा फटी सतत सापडत असतात. त्या बुजवण्यासाठी कंपनी दर महिन्याला जे अपडेट पाठवत होती, ते थांबलं. काही अटी पाळून घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा मुदत मिळते, पण मुदत ती मुदतच. विंडोज ११ घ्यावं म्हटलं, तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. २०१७ च्या आधीचं मशीन बहुधा तिथेच अडतं.

आता आपल्या कॉम्प्युटरमध्ये काय काय आहे ते आठवा. गटातल्या बायांच्या आधार कार्डांच्या प्रती, पासबुकांचे फोटो, कोणाचं किती कर्ज आणि किती हप्ते फिटले त्याचा तक्ता. हे सगळं फट असलेल्या घरात ठेवून आपण निर्धास्त झोपायचं का? की चालतं-बोलतं मशीन भंगारवाल्याला देऊन नव्यासाठी पुन्हा कर्ज काढायचं? या दोन्हींपेक्षा वेगळा एक मार्ग आहे, त्याचं नाव लिनक्स. तो विनामूल्य आहे आणि जुन्या मशीनवर चालतो. पण त्या वाटेला लागलं की पहिलाच प्रश्न पडतो, की लिनक्स घ्यायचं ते कोणतं? कारण लिनक्स एक नाही, शेकडो आहेत. आजचं बोलणं या एका प्रश्नावर आहे.

लिनक्स म्हणजे काय, आणि ती इतकी का?

शेतातलं डिझेल इंजिन तुम्ही पाहिलेलं आहे. तेच इंजिन पट्टा लावून पंपाला जोडलं की पाणी ओढतं आणि चक्कीला जोडलं की दळण दळतं. इंजिन एकच, भोवतीची मांडणी वेगळी. लिनक्स हे असंच एक इंजिन आहे. १९९१ मध्ये फिनलंड देशातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एका विद्यार्थ्याने ते लिहायला घेतलं आणि सगळ्यांसाठी खुलं केलं. पुढे जगभरातल्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. तुमच्या हातातला अँड्रॉइड मोबाइलसुद्धा आत याच इंजिनावर चालतो. म्हणजे 'लिनक्स आम्हाला जमेल का' असं विचारणारी बाई लिनक्स रोज वापरतेच आहे, तिला फक्त ते नाव माहीत नाही.

नुसत्या इंजिनाने काम होत नाही. त्याच्यासोबत मेनू लागतो, फायली ठेवायच्या खिडक्या लागतात, पत्र लिहायचा प्रोग्राम, इंटरनेट बघायचा ब्राउझर आणि अपडेट देणारी व्यवस्था लागते. हे सगळं एकत्र बांधून जो पुडा तयार होतो, त्याला 'डिस्ट्रिब्युशन' किंवा थोडक्यात 'डिस्ट्रो' म्हणतात. इंजिन खुलं असल्यामुळे असा पुडा कोणालाही बांधता येतो. म्हणून उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा अशी नावंच नावं.

आपल्याकडे याला वाण म्हटलं तर लगेच कळेल. केळी एकच, पण बसराई वेगळी, श्रीमंती वेगळी, ग्रँड नैन वेगळी. पहिल्यांदा केळी लावणारा माणूस जगातली सर्वांत उत्तम केळी कोणती, हे शोधत बसत नाही. आपल्या जमिनीला आणि पाण्याला काय मानवेल, रोपं जवळ कुठे मिळतील आणि पानांवर करपा आला तर शेजारच्या शेतात जाऊन कोणाला विचारता येईल, एवढं तो बघतो. पहिलं लिनक्स निवडताना आपणही हेच तीन प्रश्न विचारायचे. आपलं मशीन कसं आहे? आपलं काम काय आहे? आणि अडलं तर विचारायचं कोणाला?

पहिला प्रश्न: मशीन

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टम' आणि त्यात 'अबाउट' उघडा. तिथे 'इन्स्टॉल्ड रॅम' असं लिहिलेलं असतं. तो आकडा वहीत टिपून घ्या. त्याच पानावर मशीन ६४-बिट आहे की ३२-बिट, तेही दिसतं.

रॅम ८ जीबी किंवा जास्त असेल तर पुढे सांगितलेली कोणतीही निवड चालेल. ४ जीबी असेल तर थोडी हलकी मांडणी घ्यावी. २ जीबी असेल तर सगळ्यांत हलकी घ्यावी आणि अपेक्षाही तशीच ठेवावी. टाइप करणं, हिशोब आणि एका वेळी एक-दोन वेबसाइट एवढं जमेल. ३२-बिटचं फार जुनं मशीन असेल, तर मोठ्या डिस्ट्रोंपैकी बहुतेकांनी त्याची साथ सोडलेली आहे. त्यावर पहिले धडे गिरवू नका.

लिनक्समध्ये काही जादू नाही, हेही सांगायला हवं. मशीन मुळात रडतखडत चालत असेल, तर पुष्कळदा दोष आतल्या जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. ती काढून एसएसडी बसवली, तर त्या एका बदलाने जेवढा फरक पडतो तेवढा कोणत्याही डिस्ट्रोने पडत नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर ते तिथे करा.

दुसरा प्रश्न: काम

वहीच्या एका पानावर महिनाभरात कॉम्प्युटरवर होणारी कामं लिहून काढा. बहुतेक घरांत यादी अशी निघते: बँकेची वेबसाइट, सातबारा बघणं, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा किंवा शेतीच्या योजनेचा अर्ज, व्हॉट्सअ‍ॅप वेब, यूट्यूब, मराठीत अर्ज लिहिणं, गटाचा हिशोब आणि प्रिंट काढणं. यातली वेबसाइटवरची कामं ब्राउझरमध्ये होतात. ब्राउझर म्हणजे फायरफॉक्स किंवा क्रोम, आणि दोन्ही लिनक्सवर चालतात. पत्रासाठी आणि हिशोबासाठी लिबरऑफिस नावाचा संच असतो. वर्ड आणि एक्सेलच्या फायली त्यात उघडतात. क्वचित एखादा तक्ता सरकतो किंवा अक्षर बदलतं. म्हणून बँकेला किंवा पंचायत समितीला पाठवायची फाइल पीडीएफ करून पाठवावी, म्हणजे आपण मांडलं तसंच समोरच्याला दिसतं.

पण काही कामं लिनक्सवर सरळ होत नाहीत, ती आधीच सांगितलेली बरी. टॅलीवर हिशोब ठेवत असाल तर टॅली विंडोजसाठी बनवलेलं आहे. फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं काम कोरलड्रॉवर होत असेल तर तेही तसंच. पेनड्राइव्हसारखी दिसणारी डिजिटल सहीची की वापरून टेंडर किंवा रिटर्न भरत असाल, तर त्या कीचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं का, हे देणाऱ्याला आधी विचारा. मुलगी टायपिंगच्या सरकारी परीक्षेची तयारी करत असेल, तर तिच्या वर्गातला सरावाचा प्रोग्राम कशावर चालतो तेही विचारून घ्या. यातल्या एखाद्या कामावर तुमची रोजीरोटी चालत असेल, तर ते मशीन आहे तसं राहू द्या आणि लिनक्ससाठी घरातलं दुसरं, पडून असलेलं मशीन घ्या. पोटाच्या कामावर प्रयोग करू नये.

प्रिंटरचंही तसंच आहे. एचपीचे बरेच प्रिंटर लिनक्सवर जोडल्याबरोबर चालतात. काही जुन्या छोट्या लेझर प्रिंटरांना मात्र बरीच खटपट लागते. म्हणून प्रिंटर चालवून बघितल्याशिवाय निर्णय घ्यायचा नाही. तो कसा बघायचा ते पुढे येईलच.

मराठीचं काय, हा तुमचा प्रश्न आम्हाला ठाऊक आहे. मराठी लिहिण्याची सोय सगळ्या मोठ्या डिस्ट्रोंत असते. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारत शोधला की देवनागरीचा इनस्क्रिप्ट मिळतो. त्यात डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं येतात. मराठीचा 'कगप' नावाचा उच्चारानुसार चालणारा कीबोर्डही आहे, त्यात इंग्रजी 'के'ची कळ दाबली की 'क' उमटतो. ज्यांचा हात टायपिंगच्या वर्गातल्या रेमिंग्टनवर बसला आहे, त्यांना थोडे दिवस अवघड जाईल. मेनूही बरेचसे मराठीत करता येतात, मात्र मधूनमधून काही ओळी इंग्रजीतच राहतात. आणखी एक गोष्ट. तुमचे जुने अर्ज युनिकोडऐवजी जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेले असतील, तर तो फाँट नसलेल्या कोणत्याही मशीनवर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतील. असे महत्त्वाचे कागद बदल करण्याआधीच युनिकोडमध्ये करून घ्या, निदान त्यांची पीडीएफ करून ठेवा.

तिसरा प्रश्न: सोबत

हा प्रश्न आम्हाला सगळ्यांत मोठा वाटतो. यूट्यूब बघून घरातली मुलं कोणतं लिनक्स चांगलं यावर तासभर वाद घालतील. त्या वादात तुम्ही पडू नका. तुम्ही एवढंच विचारा: रात्री नऊ वाजता गटाचा हिशोब उघडेनासा झाला, तर मी फोन कोणाला लावणार? ती व्यक्ती जे लिनक्स वापरते, ते तुमचं पहिलं लिनक्स. कॉलेजात शिकणारी पुतणी उबुंटू वापरत असेल तर उबुंटू घ्या. शाळेतले कॉम्प्युटरचे सर मिंट वापरत असतील तर मिंट घ्या. दोन चांगल्या डिस्ट्रोंमधला फरक नवशिक्या बाईला फारसा जाणवत नाही, पण विचारायला माणूस असणं आणि नसणं यातला फरक पहिल्याच आठवड्यात कळतो.

याचा दाखला केरळात आहे. तिथल्या सरकारी शाळांत कॉम्प्युटरचं शिक्षण बऱ्याच वर्षांपासून लिनक्सवर चालतं. 'काइट' नावाची तिथली सरकारी संस्था शाळांसाठी उबुंटूवर आधारलेला स्वतःचा एकच पुडा तयार करून देते. सगळ्या शाळांत तोच असल्यामुळे एका शिक्षकाला जे कळतं ते दुसऱ्याला सांगता येतं. शिवाय शाळाशाळांत 'लिटल काइट्स' नावाची मुलांची मंडळं आहेत. ती मुलं तंत्र शिकतात आणि इतरांना मदतही करतात. वाण एक आणि विचारायला शेजारी, असा तो हिशोब आहे.

आपल्या गटालाही हे करता येईल. गटात तीन कॉम्प्युटर असतील तर तिन्हींवर एकच डिस्ट्रो घ्या, एकाच आवृत्तीचा घ्या. एका घरी अडलेलं दुसऱ्या घरी सुटेल. माणूस जवळ नसेल, तर मुंबईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प आहे. त्यात लिनक्स, लिबरऑफिस आणि इतर मुक्त सॉफ्टवेअरवर साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत, आणि त्यातले बरेच मराठी आवाजात आहेत. धडा थांबवायचा, स्वतः करून बघायचं, पुन्हा सुरू करायचा, अशी त्याची पद्धत आहे. ते विनामूल्य आहेत.

आता नावं घेऊ

पहिलं नाव लिनक्स मिंट. जिला विचारायला ठरलेलं कोणी नाही आणि जिचा हात विंडोजवर बसला आहे, तिला आम्ही मिंट सुचवू. मेनू डाव्या कोपऱ्यात खाली, उघडलेल्या खिडक्यांची पट्टी खाली, घड्याळ उजवीकडे. पहिल्या दिवशीही हरवल्यासारखं वाटत नाही. २००६ पासून मिंट चालू आहे आणि ते उबुंटूच्या पायावर उभं आहे. त्यामुळे उबुंटूबद्दल कोणी सांगितलेलं बरंचसं मिंटलाही लागू पडतं. मिंटचे तीन प्रकार मिळतात. 'सिनॅमन' हा देखणा, ४ जीबीला चालेल, ८ जीबीवर उत्तम. 'एक्सएफसीई' हा हलका, जुन्या मशीनला मानवणारा. 'माटे' हा दोन्हींच्या मधला. २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

दुसरं नाव उबुंटू. २००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थ यांनी ते सुरू केलं. एके काळी उबुंटूच्या सीडी मागेल त्याला पोस्टाने फुकट घरी येत. २०११ मध्ये ती सोय बंद झाली, पण तोवर ते नाव सगळीकडे पोहोचलं होतं. म्हणून कॉलेजच्या मुलांना लिनक्स म्हटलं की आधी उबुंटू आठवतं, आणि मदत मिळण्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. त्याचा चेहरा विंडोजपेक्षा वेगळा, थोडा मोबाइलसारखा आहे, आणि ते जरा जड आहे. ४ जीबीपेक्षा कमी रॅम असेल तर नको. आवृत्तीचा आकडा वाचायला सोपा आहे: २४.०४ म्हणजे २०२४ सालचा चौथा महिना. उबुंटू दर सहा महिन्यांनी नवं येतं, पण आपण 'एलटीएस' असं लिहिलेलंच घ्यायचं. ते दर दोन वर्षांनी, सम सालच्या एप्रिलमध्ये येतं आणि त्याला पाच वर्षं अपडेट मिळतात. मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने.

मशीन फारच दुबळं असेल तर लुबुंटू नावाचा उबुंटूचाच हलका भाऊ बघा, किंवा वर सांगितलेलं मिंटचं एक्सएफसीई.

बाकीच्यांची ओळख थोडक्यात. डेबियन १९९३ पासून चालू आहे. इयान मरडॉक यांनी आपल्या मैत्रिणीचं डेब्रा हे नाव आणि स्वतःचं इयान हे नाव जोडून ते नाव ठेवलं. उबुंटू याच डेबियनवर उभं आहे. ते फार भरवशाचं आहे, पण दुसऱ्या पायरीवर घ्यावं. फेडोरा उत्तम आहे, पण त्याची एक आवृत्ती जेमतेम वर्षभर टिकते, मग पुढची घ्यावी लागते. आपल्या सरकारच्या सीडॅक संस्थेने डेबियनवरून 'बॉस' नावाचं लिनक्स बनवलं आहे. भारतीय भाषांवर त्याचा भर आहे. एखाद्या कार्यालयात ते वापरात असेल आणि तिथे शिकवणारं कोणी असेल, तर जरूर शिका.

एक नाव मुद्दाम सांगतो, काली लिनक्स. घरातला मुलगा म्हणेल, हॅकर लोक हेच वापरतात, आपणही हेच टाकू. काली हे कॉम्प्युटरची सुरक्षा तपासणाऱ्या जाणकारांचं हत्यार आहे. ते बनवणारेच म्हणतात, की नवशिक्यांनी रोजच्या कामाला ते घेऊ नये. भाजी चिरायला कुऱ्हाड कशाला?

आधी चाखून बघा

लिनक्सची मोठी सोय अशी, की ते मशीनवर न बसवता चालवून बघता येतं. मिंटची फाइल त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून उतरवायची, ती सुमारे ३ जीबी असते. मग ८ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन 'रुफस' किंवा 'एचर' नावाच्या छोट्या प्रोग्रामने ती त्यावर चढवायची. पेनड्राइव्हवर आधी जे असेल ते पुसलं जातं, म्हणून मुलांच्या लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह घेऊ नका. तो लावून मशीन सुरू करताना एक कळ दाबावी लागते. कंपनीप्रमाणे ती एफ१२, एफ९, एफ२ किंवा एस्केप असते. मग लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालू होतं. याला 'लाइव्ह' म्हणतात. आतलं विंडोज जसंच्या तसं राहतं, आणि पेनड्राइव्ह काढून मशीन पुन्हा सुरू केलं की तेच परत दिसतं.

या लाइव्हमध्ये सहा गोष्टी तपासा. वायफाय जोडलं जातं का? आवाज येतो का? कॅमेरा दिसतो का? प्रिंट निघते का? मराठीत एक ओळ लिहिता येते का? लॅपटॉपचं झाकण मिटून उघडल्यावर तो जागा होतो का? पेनड्राइव्हवरून चालताना थोडा संथपणा असतोच, त्यावरून मत बनवू नका. पण सहापैकी एखादी गोष्ट अडली, तर तीच परीक्षा दुसऱ्या डिस्ट्रोची घ्या. अशी दोन चाखली तरी पुरे, दहा चाखत बसलात तर काम राहून जाईल.

पसंत पडलं की मग बसवायचं, आणि इथे सावध राहायचं. आधी सगळ्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा आणि ती उघडून बघा. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बसवताना दोन पर्याय समोर येतात: विंडोजच्या शेजारी बसवणं, किंवा पूर्ण डिस्क पुसून बसवणं. दुसऱ्यात खरोखरच सगळं पुसलं जातं, मागे काही उरत नाही. डिस्कवर जागा असेल तर सुरुवातीला शेजारी बसवलेलं बरं. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून लॅपटॉप चार्जरला लावूनच काम सुरू करा, आणि डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय हात घालू नका.

हे सगळं दुकानात नेऊनही करून घेता येतं. दुकानदार त्याच्या मेहनतीचे पैसे घेईल, ते योग्यच आहे. मात्र मिंट किंवा उबुंटूची किंमत म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर ती किंमत शून्य आहे हे तुम्हाला माहीत असू द्या. आणि पासवर्ड दुकानदाराला ठरवू देऊ नका. तो तुम्ही स्वतः टाइप करायचा. गटाचं मशीन असेल तर तो दोघींना माहीत असावा, आणि घरातल्या पुरुषांना तो ठाऊक असलाच पाहिजे असं काही नाही. हिशोब गटाचा आहे.

पहिले तीन महिने

एकदा निवडलं की तीन महिने ते बदलायचं नाही. दर आठवड्याला दुसरं लिनक्स टाकून बघायचा मोह मुलांना होतो. हिशोब ठेवणाऱ्या बाईला स्थिर मशीन लागतं. अपडेटची खूण दिसली की अपडेट करा, कारण त्याचसाठी आपण हा सगळा खटाटोप केला आहे. नवा प्रोग्राम हवा असेल तर तो डिस्ट्रोच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरच्या यादीतूनच घ्या, भलत्या वेबसाइटवरून नको. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप कराव्या लागतात म्हणून लिनक्स अवघड, असं म्हणतात. रोजच्या कामाला ती खिडकी उघडावी लागत नाही. कोणी एखादी आज्ञा पाठवली तर तिचा अर्थ समजल्याशिवाय ती चिकटवू नका.

मिंटमध्ये 'टाइमशिफ्ट' नावाची एक सोय आहे. आपण दही लावताना थोडं विरजण बाजूला काढून ठेवतो, तशी ती चालू असलेल्या व्यवस्थेची एक प्रत बाजूला ठेवते. पुढे काही बिघडलं तर त्या प्रतीवर परत जाता येतं. पण ती प्रत व्यवस्थेची असते, तुमच्या हिशोबाच्या फायलींची नव्हे. त्यांची प्रत दर महिन्याच्या बैठकीला पेनड्राइव्हवर काढायची आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या सभासदाच्या घरी ठेवायचा. तिजोरीच्या किल्ल्या आपण एकीकडे ठेवत नाही, तसंच हे.

आणि तीन महिन्यांनी नाहीच पटलं तर? तर दुसरं घ्या. फायली पेनड्राइव्हवर आहेत, पैसे गेलेले नाहीत, आणि शिकलेलं सगळं पुढच्या डिस्ट्रोत कामाला येतं. पहिली निवड म्हणजे जन्माची गाठ नव्हे.

१९३६ च्या डिसेंबरात आपल्या फैजपुरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. त्याची सजावट नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या इथल्याच साध्या साहित्यातून उभी केली. हाताशी आहे त्यातून नीटनेटकं काम उभं करणं या गावाला नवं नाही. कपाटावर धूळ खात पडलेला लॅपटॉपही हाताशी असलेलंच साहित्य आहे.

तर या आठवड्यात एवढंच करा. वहीच्या एका पानावर तीन ओळी लिहा. पहिल्या ओळीत मशीनची रॅम, दुसऱ्या ओळीत महिन्याची कामं, तिसऱ्या ओळीत अडल्यावर जिला विचाराल तिचं नाव. तिसरी ओळ कोरी राहिली, तर गटाच्या पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर विचारा, कोणाच्या घरी लिनक्स जाणणारी मुलगी किंवा मुलगा आहे. नाव मिळालं की डिस्ट्रोही ठरेल. पुढच्या भाषणात आपण लिबरऑफिसमध्ये बचत गटाचा कर्जाचा तक्ता कसा मांडायचा, ते बघू. तोवर नमस्कार.